सुपातून न निघणारा खडा



डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून एक विचित्र बातमी आली. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा लहान गावांत माणसांचे केस गळू लागले होते. हे गळणं विंचरताना फणीत चार केस यावेत तसं नव्हतं. आधी डोक्याला खाज यायची, मग केस राठ व्हायचे आणि तीन-चार दिवसांत मुठीने हातात यायचे. म्हातारे, तरुण, बाया, पोरं, कुणीच सुटलं नाही. जानेवारी २०२५ संपेपर्यंत अठरा गावांतल्या २७९ जणांची नोंद झाली.

वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने या गावांना लगेच 'टक्कल पडणारी गावं' करून टाकलं. कुणी 'टक्कल व्हायरस' असंही नाव ठेवलं. आपण बाकीचे थोडे हसलोही. टक्कल हा आपल्याकडे पूर्वापार विनोदाचा विषय आहे, नाटकातला आणि चहाच्या टपरीवरचाही. पण त्या गावांत कुणी हसत नव्हतं. कॉलेजला जाणाऱ्या मुलींनी घराबाहेर पडणं थांबवलं, जुळत आलेली लग्नं अडली. गळणारे केस रोज पाहण्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे, म्हणून काहींनी डोकी भादरून घेतली. ज्यांनी काही केलं नव्हतं, त्यांना तोंड लपवण्याची वेळ आली.

आता संशय कुणावर घ्यायचा? पहिलं बोट पाण्याकडे गेलं आणि ते साहजिक होतं. तो भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. तिथलं पाणी पिढ्यान्‌पिढ्या खारट. तपासणीत पाण्यात नायट्रेटही जास्त निघालं. कुणी शाम्पूवर, कुणी बुरशीवर संशय घेतला. मी ज्या कुरकुंभला राहतो तिथे असं काही घडलं असतं, तर आमचंही पहिलं बोट पाण्याकडेच गेलं असतं. फिरंगाई देवीचं हे गाव आता रसायनांच्या औद्योगिक वसाहतीसाठीच जास्त ओळखलं जातं. विहिरीच्या पाण्याचा रंग, रात्रीच्या हवेतला वास हे आमचे नेहमीचे बोलण्याचे विषय. विष कुठून येतं, असं कुणी विचारलं तर आम्ही धुराड्याकडे नाही तर नाल्याकडे बघतो. भाकरीकडे किंवा पोळीकडे बघायचं आमच्या मनातही येत नाही.

पण महाडच्या एका डॉक्टरांनी पोळीकडे बघितलं. डॉ. हिंमतराव बावसकर हे नाव कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. लाल विंचू चावला की पूर्वी माणसं पटापट दगावत. रक्तदाबावरचं प्राझोसिन नावाचं साधं, स्वस्त औषध वेळेवर दिलं तर ती वाचतात, हे त्यांनी महाडसारख्या ठिकाणी राहून जगाला दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वयाची सत्तरी ओलांडलेले हे डॉक्टर रायगडहून थेट शेगाव तालुक्यात गेले. रुग्णांचं रक्त, लघवी, केस यांचे नमुने त्यांनी घेतले आणि रेशनच्या गव्हाचेही घेतले. स्वतःच्या खिशातून खर्च करून त्यांनी ते ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष सांगितले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत तब्बल १५० पट वाढलेलं होतं. जस्ताचं प्रमाण मात्र घटलेलं होतं. बावसकरांचं म्हणणं असं, की हे सेलेनियम पंजाब-हरियाणाकडून आलेल्या रेशनच्या गव्हातून आलं. त्या भागात पिकणाऱ्या स्थानिक गव्हाच्या तुलनेत या गव्हात ते ६०० पट होतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पथकंही जानेवारीतच गावांत जाऊन नमुने घेऊन गेली होती.

मी बी.ए. झालेला माणूस, कविता करणारा. सेलेनियम हा शब्द मला शाळेतल्या मूलद्रव्यांच्या तक्त्यापलीकडे कुठे भेटला नव्हता. म्हणून त्याची कुळकथा शोधायला बसलो, तर ती चंद्रापाशी जाऊन पोचली. १८१७ साली स्वीडनमध्ये बेर्झेलियस नावाचे रसायनशास्त्रज्ञ गंधकाम्लाच्या कारखान्यातला तळाचा लालसर गाळ तपासत होते. त्यांना आधी वाटलं, हे टेल्युरियम असावं. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून ठेवलेलं. पण हे मूलद्रव्य वेगळंच निघालं, तरी गुण बरेचसे त्याच्यासारखे. मग पृथ्वीच्या या भावंडाला त्यांनी चंद्राचं नाव दिलं. ग्रीक लोकांची चंद्रदेवी सेलेनी, तिच्यावरून सेलेनियम. कोजागिरीला दुधात आणि ईदला गच्चीवरून आपण जो चंद्र शोधतो, त्याच्या नावाचं काहीतरी आपल्या प्रत्येकाच्या रक्तात फिरतंय, हे कळल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. पण चंद्रालाही दोन पक्ष असतात, शुद्ध आणि वद्य. सेलेनियमचंही तसंच आहे.

आधी शुद्ध पक्ष सांगतो. आपल्या शरीरात सगळं मिळून जेमतेम दहा-वीस मिलिग्रॅम सेलेनियम असतं, म्हणजे मिठाच्या चिमटीपेक्षाही कितीतरी कमी. पण तेवढ्यावाचून चालत नाही. पेशींमध्ये सतत एक मंद जळण चालू असतं आणि त्यातून होणारी इजा थोपवणाऱ्या काही विकरांना सेलेनियम लागतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी जे संप्रेरक बनवते, त्याला कामाचं रूप देण्यासाठीही ते लागतं. १९५७ पर्यंत विज्ञान त्याला निव्वळ विष समजत होतं. त्या वर्षी क्लाउस श्वार्त्स यांनी अमेरिकेत उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की सेलेनियम मिळालं नाही तर उंदरांचं यकृत सडतं. विषाच्या यादीतलं नाव पोषणाच्या यादीत आलं ते असं.

माणसाच्या बाबतीत याचा पुरावा चीनने दिला. त्या देशाच्या ईशान्येला केशान नावाचा जिल्हा आहे. १९३५ च्या हिवाळ्यात तिथे एका आजाराने लहान मुलं आणि तरुण बाया दगावू लागल्या. हृदयाचे स्नायू सैल पडायचे, हृदय फुगायचं आणि थांबायचं. आजाराला जिल्ह्याचंच नाव पडलं. कारण समजायला पुढे अनेक दशकं लागली. त्या जमिनीत सेलेनियम नाही, म्हणून धान्यात नाही, म्हणून माणसांत नाही. १९७४ पासून सिच्वान प्रांतात मुलांना आठवड्यातून एकदा सेलेनियमच्या क्षाराची गोळी देऊन पाहिली, तेव्हा आजार झपाट्याने कमी झाला. गंमत म्हणा किंवा दैवयोग म्हणा, केशानच्या नावात केश आहेत, पण आजार हृदयाचा. केसांचा आजार झाला तो त्याच देशातल्या एन्शी नावाच्या दुसऱ्या भागात.

हा झाला वद्य पक्ष. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एन्शीमध्ये भाताचं पीक गेलं. लोकांना मका आणि भाजीपाल्यावर दिवस काढावे लागले. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम भरपूर आणि ते झिरपून मातीत उतरलेलं. काही गावांत निम्म्याहून जास्त माणसांचे केस आणि नखं गेली. ती माणसं दिवसाला सरासरी पाच हजार मायक्रोग्रॅमच्या आसपास सेलेनियम खात होती, असा हिशेब नंतर निघाला. एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. माणसाला दिवसाला लागतं ते फक्त ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी वरची मर्यादा ठरवली ती ४०० ची आणि युरोपने २०२३ मध्ये ती आणखी खाली, २५५ वर आणली. गरज आणि अपाय यांच्यामध्ये इतकं अरुंद अंतर फार थोड्या पोषक द्रव्यांत असेल.

आता हाच हिशेब आपण शेगावच्या पोळीला लावू. बावसकरांनी तपासलेल्या गव्हात किलोमागे सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम सेलेनियम होतं. तोच गहू स्वच्छ धुऊन पाहिला, तर साडेतेराच्या थोडं वर. सर्वसाधारण प्रमाण ते १.९ सांगतात. समजा, एखादा माणूस दिवसाला दोनशे ग्रॅम पीठ खातो, म्हणजे पाच-सहा पोळ्या. कष्टाच्या माणसाला हे जास्त नाही. धुतलेल्या गव्हाच्या पाच-सहा पोळ्यांतून त्याच्या पोटात सुमारे २,७०० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. गरजेच्या साठपट आणि अमेरिकी मर्यादेच्या जवळजवळ सातपट. पोळीसोबत कालवण काय आहे, हा प्रश्नच उरत नाही.

केसच का गेले, यालाही उत्तर आहे. सेलेनियम आणि गंधक हे एकाच घराण्यातले, चुलतभाऊ म्हणा. केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात त्यात गंधक भरपूर असतं. गंधकाचे लहान-लहान पूल त्या प्रथिनाचे धागे एकमेकांना बांधून ठेवतात. सेलेनियम जास्त झालं की ते गंधकाच्या जागी जाऊन बसतं. चेहरा सारखा, म्हणून शरीर फसतं. पण त्याने बांधलेला पूल कच्चा असतो. केस ठिसूळ होतो आणि तुटतो, नख पांढरं पडतं आणि सुटतं. फार जास्त झालं तर तोंडाला लसणासारखा वास येतो, उलट्या-जुलाब होतात, हातापायांना मुंग्या येतात. चांगली गोष्ट एवढीच, की घास थांबवला तर केस बहुधा परत येतात. बुलढाण्यातही तो गहू खायचं थांबवल्यावर काहींच्या डोक्यावर पुन्हा कोवळे केस दिसू लागले.

हे सगळं जगाला नवीन होतं, असंही नाही. १८५६ साली अमेरिकेतल्या आजच्या साउथ डाकोटात एका लष्करी डॉक्टरने नोंद करून ठेवली, की छावणीच्या घोड्यांची आयाळ आणि शेपटीचे केस गळतायत, खूर सुटतायत. त्याचं कारण चाऱ्यातलं सेलेनियम, हे कळायला १९३० चं दशक उजाडलं. आपल्या देशातही ही खूण जनावरांनीच आधी दाखवली. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर या जिल्ह्यांच्या एका पट्ट्यात म्हशींचे खूर झडत, अंगावरचे केस जात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या आसपास तिथली माती तपासली आणि सुमारे हजार हेक्टर जमिनीत सेलेनियम जास्त असल्याचं दाखवून दिलं. शिवालिक टेकड्यांवरून पावसाळी ओढे जो गाळ आणतात, त्यातून ते येतं. शेतात जिप्सम टाकलं तर त्यातलं गंधक पिकाच्या मुळाशी सेलेनियमची वाट अडवतं आणि धान्यात ते कमी उतरतं, हा उपायही त्यांनीच शोधला. इथेही पुन्हा ते दोघे चुलतभाऊच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पंजाबचा सगळा गहू विषारी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. देशाची भूक ज्या शेतकऱ्यांनी भागवली, त्यांच्यावर ठपका ठेवण्यासारखं यात काही नाही. हा पट्टा लहान आहे आणि सेलेनियम तिथे कुणी मुद्दाम टाकलेलं नाही. प्रश्न पंजाबचा नाही, प्रवासाचा आहे.

पूर्वी माणूस आपल्याच शिवारातलं खात असे. आमच्या दौंड-शिरूरकडे बाजरी आणि ज्वारी, शेगावकडे ज्वारी. गहू सणासुदीचा. जमिनीत काही कमी असेल तर ते सगळ्या गावाला कमी पडायचं, जास्त असेल तर सगळ्या गावाला भोगावं लागायचं. आता तसं राहिलं नाही. दौंडच्या जंक्शनवरून मालगाड्या जाताना बघतो तेव्हा वाटतं, या डब्यांतून नुसतं धान्य जात नाही, त्या-त्या मुलखाची माती जाते. शिवालिकच्या ओढ्याचा गाळ पोत्यात बसून पूर्णेच्या काठी येऊ शकतो. शहरातल्या खात्यापित्या माणसाला याचा फारसा धोका नाही. तो आज एका दुकानातून पीठ आणतो, उद्या दुसऱ्या. एक घास इकडचा, एक तिकडचा, त्यामुळे जास्त-कमी आपोआप फिटतं. पण ज्याचा महिना रेशनच्या पोत्यावर निघतो, त्याच्या ताटात रोज तोच गहू येतो. पोत्यात जे असेल ते सगळं त्याच्याच वाट्याला येतं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली आला, माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क आला, २०२३ पासून ते मोफत झालं. या धान्याने लाखो घरांतली चूल पेटती ठेवली, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच ते धान्य निर्धोक आहे की नाही, हे पाहणं हा उपकार नाही, त्या हक्काचाच भाग आहे.

आमच्या घरात मोहरमच्या खिचड्यासाठी गहू निवडायला बायका बसत. तुमच्याकडे सणाच्या सांज्यासाठी, कुरडयांसाठी बसत असतील. सुपात गहू घ्यायचा, पाखडायचा, फोलपट उडवायचं, खडा आणि किडका दाणा बोटाने बाजूला करायचा. या कामात आपल्या आया-आज्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सरकारी खरेदीतही गव्हाचा ओलावा पाहतात, काडीकचरा पाहतात, फुटके आणि खराब दाणे मोजतात. तेही एक मोठं सूपच. पण सेलेनियम दाण्याला चिकटलेलं नसतं. ते दाण्याच्या प्रथिनातच विणलेलं असतं. म्हणून ते पाखडून जात नाही, धुऊन जात नाही, भाजून जात नाही. डोळ्याला, बोटाला, जिभेला कळत नाही. ते वेचायला प्रयोगशाळाच लागते. ज्या पट्ट्यातल्या मातीचा दोष आपल्या शास्त्रज्ञांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवला, तिथल्या धान्याचे नमुने गोदामात चढण्याआधी तपासणं ही काही आकाशातून चंद्र आणून देण्याची मागणी नाही. त्यात दोष निघाला तर तो गहू दुसऱ्या गव्हात मिसळता येतो किंवा बाजूला ठेवता येतो.

आता दोन शब्द आपल्यासाठी. सेलेनियमची बातमी आली की दुकानदारी सुरू होते. केस वाढवायला सेलेनियम, तारुण्य टिकवायला सेलेनियम, कर्करोग टाळायला सेलेनियम. अमेरिकेत याची मोठी परीक्षा झाली. पस्तीस हजार पुरुषांना सामील करून घेतलं. सेलेनियमने पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग टळतो का, हे पाहायचं होतं. फायदा दिसेना, म्हणून २००८ साली गोळ्या देणं थांबवलं. त्याच वर्षी त्याच देशात एका पूरक औषधाच्या द्रावणात चुकून लेबलवरच्या प्रमाणाच्या दोनशेपट सेलेनियम पडलं आणि २०१ माणसं आजारी पडली. त्यातल्या बहुतेकांचे केस गळले. आरोग्यासाठी म्हणून ते विकत घेऊन प्याले होते, हे ध्यानात घ्या. जेवणात डाळ, धान्य, अंडी, मासे, मटण यांतलं जे परवडतं आणि चालतं ते आलटूनपालटून असेल, तर सेलेनियम वेगळं खायची बहुतेकांना गरज नसते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्याची गोळी घेऊ नये. कोंड्यासाठी जो सेलेनियमचा शाम्पू मिळतो तो बाहेरून लावायचा असतो, सांगितल्याप्रमाणे वापरून धुऊन टाकायचा असतो. त्याचा या प्रकाराशी संबंध नाही.

आणि घरातल्या दोघा-तिघांचे केस एकदमच गळू लागले, नखं पांढरी पडू लागली किंवा गोठ्यातल्या जनावराचे खूर झडू लागले, तर तेल आणि अंगारे-धुपारे बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि जाताना घरातलं मूठभर धान्यही बरोबर न्या. पाण्याबरोबर ताटाकडेही बोट दाखवायला आपण आता शिकलं पाहिजे.

शेगावच्या गावांमध्ये केस परत येतील, काहींचे आलेही. पण त्या पोरींनी ओढणीखाली डोकं झाकून काढलेले ते महिने परत येणार नाहीत. तेव्हा गावाला नाव ठेवायची घाई आपण सगळ्यांनी केली. पोत्यातला गहू तपासायची घाई मात्र महाडहून आलेल्या एका वयस्कर डॉक्टरांना करावी लागली. पुढच्या वेळी कुठल्याही गावातून अशी बातमी आली, तर आपल्या तोंडून पहिला प्रश्न एवढाच यावा: ही माणसं काय खातायत आणि ते कुठून आलंय? हसणं मग होत राहील.



(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)